नाना, जिजी आणि ते दूधवालं गाणं

अरे थांब, गाडी नंतर काढ, आधी ऐक! आत्ता उधन्यात कानबाई देवीच्या प्रोग्रामला काय झालंय ते ऐकलंस ना, तर इथंच खाली बसशील. मी सरळ तिथूनच येतोय. बघ, कीबोर्ड अजून खांद्यावर आहे, शर्टावर गुलाल आहे, आणि डोक्यात काहीच शिरत नाहीये. नाना-जिजीचं भांडण होतं? की नव्हतं? मिटलं? की कायमचं तुटलं? मला विचारशील तर मला माहीत नाही! आणि मी तर स्टेजवर होतो यार, दोघांच्या मधे!

पण आजचं डायरेक्ट सांगितलं तर तुला काही कळायचं नाही. मागचं थोडं सांगावं लागेल. कसं असतं, मी दिवसभर मार्केटमध्ये साड्यांच्या घड्या घालतो ना, तर संध्याकाळी घरी येताना अंगाला कुठले कुठले दोरे चिकटलेले असतात. झटक झटक झटकले तरी एखादा राहतोच. नाना-जिजीच्या पार्टीत वाजवायचं म्हणजे तसंच. एक लग्नसराई काढ त्यांच्याबरोबर, अंगभर किस्से चिकटतात!

नाना म्हणजे वामननाना. उधन्यात कापडाच्या लूमवर होते, आता गुडघे धरतात म्हणून सोडलं. जिजी म्हणजे शेवंताबाई, त्यांची बायको. घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवते. दोघं अहिराणी गाणी गातात. म्हणजे गाणी खूप गातात, पण लोकांना माहीत आहे एकच! ते तुलाही माहीत आहे, नाही म्हणू नको. बायको रुसलीये, पिशवी उचललीये आणि निघालीये, "दूध ठेयं चुल्हावर, मी चालनी माहेरले!" आणि नवरा काय म्हणतो? थांब म्हणत नाही, चुकलं म्हणत नाही. म्हणतो, "जाशी तं जाय, पन चहा पी जाय!"

जायचं तर जा, पण चहा पिऊन जा. तोवर चुलीवरचं दूध उतू! बस, एवढंच गाणं! पण भेस्तानपासून कतारगामपर्यंत, शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक रिक्षा नसेल जिच्यात ती कॅसेट वाजली नाही.

आणि गाण्यात मधे एक मोकळी जागा असते. आम्ही नुसता ताल धरून ठेवायचा, जिजी तिथल्या तिथं एक टोमणा जुळवून फेकणार आणि नाना तिथल्या तिथं उत्तर देणार. दरवेळी नवीन! कॅसेटमध्ये नाही ते. लोक त्याच्यासाठीच येतात.

*

कॅसेटचंच आधी सांगतो. मी तेव्हा पार्टीत नव्हतो, हे आमच्या दगडूभाऊंनी सांगितलं. दगडूभाऊ बेंजो वाजवतात, नानांच्या बरोबरीचे, सगळ्यात जुने.

कॅसेट काढली जयंतीभाईंनी. स्टेशनजवळ दुकान आहे त्यांचं. रेकॉर्डिंग झालं, आता वरचं कव्हर छापायचं, तर त्यांचा माणूस नाव विचारायला नानांच्या खोलीवर आला. नाना लूमवर. घरात एकटी जिजी, मांडीवर साडी, हाताला गोंद.

"मासी, गायक का नाम बोलो."

आता जिजी नवऱ्याचं नाव घेणार? जन्मात नाही घेतलं! ती म्हणाली, "मंगलना बाप." मंगल म्हणजे त्यांची मुलगी, नवापूरला दिलेली. त्या माणसाने लिहून घेतलं. "और आपका?" "शेवंताबाई."

कॅसेट बाजारात आली. वर नानांचा फोटो, फेटा बिटा बांधून, आणि खाली मोठ्या अक्षरात, "गायक : मंगलना बाप आणि शेवंताबाई!"

नाना तसेच लूमच्या कपड्यांवर दुकानात. जयंतीभाई शांत. म्हणाले, "अरे पण अमने लाग्युं के स्टेजचं नाव असेल! कलाकार लोकांचं काय सांगता येतं?"

नाना घरी येऊन ओरडले, "एक डाव तरी मन्हं नाव घेती!"

जिजी टिकली चिकटवता चिकटवता म्हणाली, "नाव घेतलं तर तुमचं आयुष्य कमी होतं. कॅसेटसाठी एवढं नको."

अजूनही गावाकडून कोणी आलं की स्टेजखालून ओरडतं, "मंगलना बाप, होऊ द्या!"

*

लोकांना या गाण्याचं येड असं, की कुठं म्हणायचं नि कुठं नाही त्याचाही हिशोब नाही. भेस्तानला एक हळद होती. नवरदेवाच्या घरी! मांडवात शंभर बाया, आणि सगळ्यांची फर्माइश एकच, दूधवालं! नाना म्हणाले, अहो हळदीला नको, बाई घर सोडून चाललीये त्याच्यात. कोणी ऐकेल तर ना! झालं सुरू. जिजीने पदर खोचला, पिशवी काखेत मारली, "मी चालनी माहेरले!"

तर नवरदेवाची आई उठून सरळ स्टेजसमोर. "अहो बाई! आमची सून अजून घरात आली नाही आणि तुम्ही तिला माहेरी कुठं धाडता?"

सगळं बंद. मी कीबोर्डवरून हात काढले. दगडूभाऊ वर मांडवाचे बांबू मोजायला लागले.

जिजी माइकवरच म्हणाली, "ताई, आत्ता गाण्यात जाऊन आली की मग खरी जात नाही!"

तीच बाई नंतर सगळ्यात पुढे नाचत होती.

*

कतारगामला तर कहरच झाला. एका शेठने डेअरी उघडली. त्याला अहिराणी ओ की ठो कळत नाही, पण त्याच्या कारखान्यातली खानदेशी पोरं ते गाणं लावायची आणि "दूध" एवढा शब्द त्याला कळायचा. त्याने ठरवलं, उद्घाटनाला हेच पाहिजे!

आम्ही सकाळी सकाळी तिथं. नवीन शटर, झेंडूची तोरणं, कॅनला पण हार घातलेले. नाना पार अस्वस्थ. माणूस इमानदार ना! शेठला बाजूला घेऊन म्हणाले, "शेठ, एक बोलू? या गाण्यात दूध उतू जातं. सगळं वाया जातं. शुभ नाही."

शेठने एक सेकंद विचार केला. नुसता एक सेकंद!

"उतू गेलं?"

"हो."

"तो बीजुं दूध लेवा क्यां आवशे? अहींयाज आवशे ने!"

दुसरं दूध घ्यायला इथंच येणार! गाणं तीन वेळा म्हणायला लावलं.

*

आता मेन गोष्ट. ही कळली तर आजचं कळेल.

मी पार्टीत नवीन आलो तेव्हा मला वाटलं, हे दोघं बोलतच नाहीत! एकाच सतरंजीवर बसायचे, मधे वीतभर जागा, आणि सगळे निरोप माझ्यामार्फत.

"सांग तुन्हा नानाले, सूर वर चालना."

मी वळणार तोवर नाना, "सांग तिले, सूर जागावर शे. तिना कान हालनात."

मी मान इकडे, मान तिकडे, टेबलफॅन! एकदा दगडूभाऊंना हळूच विचारलं, "भाऊ, यांचं भांडण कधी झालं?"

दगडूभाऊ हसायला लागले. "भांडण? अरे येड्या, आत्ता सगळं मस्त चाललंय! हे दोघं गोड बोलायला लागले ना एकमेकांशी, की समज काहीतरी पेटलंय."

मला खोटं वाटलं. मग एकदा मंगलच्या घरी जाण्यावरून काहीतरी झालं, आणि मी स्वतः ऐकलं. नाना म्हणाले, "शेवंताबाई, पाणी देऊ का?" जिजी म्हणाली, "नको, तुम्ही कशाला त्रास घेता?"

अरे, आख्ख्या पार्टीने श्वास धरला! ढोलकीवाल्याने तर बिडी विझवली.

*

मग गेल्या उन्हाळ्यापासून एक झालं. जिजीचा आवाज वर जाईना. "माहेरले" मधला तो "ले" आहे ना, जो ती खेचते आणि लोक शिट्ट्या मारतात, तिथं आवाज चिरायला लागला.

एका प्रोग्रामच्या आधी जिजी माझ्याजवळ आली. इकडे तिकडे बघून म्हणाली, "पोऱ्या, तुझ्या त्या पेटीवर बटण आहे ना, सूर खाली करायचं? थोडा खाली घे. नानाले सांगजो नको."

मी म्हणालो, बरं. बटण दाबलं.

ती गेली आणि नाना आले. तेही इकडे तिकडे बघून! "ऐक, सूर जरा खाली घेशील? तिला ताण पडतो. पण जिजीला सांगू नको हां. विचारलं तर सांग, नानांचा घसा बसलाय."

आता मी काय बोलू? जिजीने सांगितलंय सांगू नको. मी म्हणालो, बरं. परत बटण दाबलं!

गाणं सुरू झालं आणि दोघं विहिरीत पडून गातायत असा आवाज! जिजी नानांकडे बघतेय, नाना जिजीकडे बघतायत, दोघांनाही कळेना की आपण जमिनीखाली कसे गेलो. लोकांना वाटलं नवीन स्टाइल आहे. कोणीतरी ओरडलं, "नाना, सर्दी झाली का?"

खाली उतरल्यावर दोघं एकदम माझ्या अंगावर! आणि दोघांनाही मला काहीच सांगता येईना.

*

आणि मग जयंतीभाई आले.

म्हणजे नानांच्या खोलीवरच आले, पेढे घेऊन. जिजी नळावर गेली होती. मी आणि दगडूभाऊ तिथंच होतो. जयंतीभाईंचं म्हणणं, दूधवालं गाणं परत काढायचं. नवीन म्युझिक, नवीन रिदम, आणि आवाज नानांचाच. "तुमचा आवाज तो जैसा का वैसा छे. पण मासीचा..." मग म्हणाले, एक पोरगी आहे, रोशनी. ऑर्केस्ट्रात गाते. अमळनेरकडची आहे, अहिराणी पक्की. तिचा आवाज घ्यायचा.

मला वाटलं नाना आता पेढ्यांचा डबा फेकतील. पण नाना? ना हो, ना नाही. डब्याचा दोरा सोडायचा आणि परत बांधायचा, सोडायचा आणि परत बांधायचा.

दारात हंडा ठेवल्याचा आवाज आला. जिजी! किती ऐकलं माहीत नाही. आत आली, जयंतीभाईंना म्हणाली, "बसा, चहा ठेवते."

आणि नाना उठून म्हणाले, "तुम्ही बसा शेवंताबाई. मी ठेवतो."

दगडूभाऊंनी माझा हात धरला आणि मला सरळ बाहेर काढलं.

*

त्यानंतरचा महिना काय सांगू तुला! घरात नुसतं गोड गोड. "घेता का?" "राहू द्या." "दमला असाल." आम्हाला प्रॅक्टिसला बसायची भीती वाटायची.

एक दिवस जिजी मला म्हणाली, "ती रोशनी ऐकलीस का तू? कशी गाते?"

मी म्हणालो, "गाते चांगली... पण..."

"पण बिण नको. चांगली गाते ना? तिला माझ्याकडे घेऊन ये."

मी घेऊन गेलो! रोशनी बिचारी दारातच पाया पडली. तिला वाटलं आता शिव्या खायच्या. तर जिजीने तिला समोर बसवलं आणि गाणं शिकवायला घेतलं! श्वास कुठं तोडायचा, "माहेरले"च्या आधी पिशवी कशी उचलायची, सगळं. फक्त मोकळ्या जागेतलं शिकवलं नाही. रोशनीने विचारलं तर म्हणाली, "ते शिकवायचं नसतं पोरी. ते ज्याच्याशी भांडायचं त्याच्याकडे बघितलं की येतं."

मी येड्यासारखा बघत बसलो. स्वतःची जागा कोणी असं स्वतः शिकवतं का?

रोशनी गेल्यावर मी विचारलंच, "जिजी, तुम्हाला सोडायचंय का गाणं?"

ती गोंदाची वाटी खरवडत होती. म्हणाली, "मला काय सोडायचंय? त्यांनी एकदा म्हणावं, शेवंता, तूच गा, चिरला आवाज तर चिरू दे. एवढंच. म्हणतायत का? नाही ना? मग पोरीला नीट शिकवून जाते. गाणं तरी खराब होऊ नये." आणि वर, "हे त्यांना सांगायचं नाही हं. सांगून म्हणवून घेतलेलं मला नको."

मी तिथून निघालो तर चहाच्या हातगाडीवर नाना. मी विचारलं, "नाना, जयंतीभाईंना नाही का म्हणत नाही तुम्ही?"

"मी नाही म्हटलं तर तिला वाटेल, नवऱ्याने दया केली. तिने म्हणावं ना हक्काने, की माझं गाणं आहे, मी गाणार! आजवर सगळं हक्कानेच बोलली, आणि आत्ताच गप्प? की तिलाच आता नको झालंय?" मग माझ्याकडे बोट, "हे तिला बोललास तर बघ!"

अरे यार! पार्टीत आल्यापासून मी यांचे निरोप पोचवले. मीठ कमी आहे, सूर जास्त आहे, चष्मा कुठं आहे, सगळे! आणि एक निरोप खरंच पोचवायचा होता, तर दोन्हीकडून बंदी. पोचवला असता तर बिघडलं असतं, नाही पोचवला तरी बिघडतंय. मी चहा अर्धा टाकून घरी गेलो.

*

आता आजचं.

संध्याकाळी उधन्यात कानबाईचा प्रोग्राम. गल्लीत मांडव, देवीला नवी साडी, नथ, सगळीकडे नैवेद्याच्या गोड रोटांचा वास, आणि बाया एवढ्या की गल्ली दिसत नाही. साउंडवाला जिग्नेश, त्याने आज पहिल्यांदाच कॉर्डलेस माइक आणला होता. वायर नाही, कुठंही फिरा! त्याने तो लहान बाळासारखा रुमालात गुंडाळून आणलेला. "मासी, आ तमारा माटे," असं म्हणून जिजीच्या हातात दिला. जिजीने उलटसुलट करून विचारलं, "याची शेपटी कुठंय?"

पुढच्या खुर्चीत जयंतीभाई. त्यांच्या शेजारी रोशनी, नवीन साडी, गजरा, तयार होऊन. जयंतीभाईंनी आल्या आल्या नानांना सांगितलं, "आज फायनल करून टाकू. पहिले तुम्ही दोघं म्हणा, मग एकदा रोशनीबरोबर म्हणा. पब्लिकच सांगेल."

नानांनी मान हलवली. पण हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते मला विचारू नको.

स्टेजवर चढताना नाना जिजीला म्हणाले, "शेवंताबाई, सांभाळून. हात देऊ का?"

बाप रे! दगडूभाऊंच्या हातातून बेंजोची पट्टीच पडली.

गाणं सुरू. जिजीने पिशवी काखेत मारली. ती पिशवी दरवेळी असते, आत जुनी चादर कोंबलेली. आज जरा जड वाटली, पण मला वाटलं असेल काही. पहिलं कडवं झालं. "माहेरले"चा आवाज चिरला, पण जिजीने तो तसाच चिरलेला वर नेला. बायांनी टाळ्या मारल्या. मग ती मोकळी जागा आली. ढोलकी चालू, मी सूर धरून.

जिजी नानांच्या समोर जाऊन उभी राहिली. टोमणा फेकताना ती लोकांकडे बघून फेकते. आज नानांकडे बघून गायली.

"दुसरीसंगे गाशी का, सांग मले आते!"

दुसरीबरोबर गाणार का, सांग मला आत्ताच! पब्लिक येडी! शिट्ट्या, टाळ्या, "वा जिजी!" कोणाला काय माहीत? आम्हा चार जणांना माहीत, आणि पुढच्या खुर्चीतल्या दोघांना. रोशनीने मान खाली घातली.

आणि नाना, ज्यांना उत्तर सुचलं नाही असं मी कधी बघितलं नाही, ते नाना अडकले. ढोलकीवाल्याने एक फेरा जास्त वाजवला. अजून एक. जिजी वाट बघतेय. मी मनात म्हणतोय, नाना, म्हणा ना, तूच गा म्हणा, एवढंच आहे, चालीत पण बसतंय!

आणि नानांच्या तोंडून काय निघावं? सवयीने, यार! इतक्या वर्षांच्या सवयीने!

"जाशी तं जाय, पन चहा पी जाय!"

जिजी हसली. खरंच हसली, मी बघितलं. पिशवी सावरली आणि स्टेजच्या पायऱ्या उतरली. बायांनी जागा करून दिली, कोणी तिच्या गालाला हात लावून बोटं मोडली. सगळ्यांना वाटलं, बिना वायरचा माइक आहे, फिरून गातेय! आणि ती गातच होती. "दूध ठेयं चुल्हावर..." मांडवाच्या बाहेर गेली. आता दिसत नाही, पण आवाज स्पीकरमधून येतोय! चपलांचा आवाज, रस्त्यावरचा हॉर्न, एका भाजीवाल्याची आरोळी, आणि मधून मधून जिजी, "मी चालनी माहेरले..." मग काहीतरी खर्रर्र झालं, एक रिक्षा थांबल्याचा आवाज आला, आणि आख्ख्या गल्लीने रिक्षावाल्याला ऐकलं,

"बोलो मासी, क्यां जवुं छे?"

आणि खट्! माइक रेंजच्या बाहेर! कुठं जायचंय, ते ती काय म्हणाली, आलंच नाही!

पब्लिक हसून हसून लोटपोट. "एक नंबर! असला सीन नाही बघितला!" जिग्नेश मात्र मिक्सर सोडून बाहेर पळाला, "अरे मासी! मारुं माइक! मारुं माइक!" जाताना मला ओरडला, "तू संभाळजे!" म्हणजे शेजारचा मिक्सर माझ्या ताब्यात. कीबोर्डवर एक हात, मिक्सरवर एक हात.

ताल चालूच आहे. परत मुखडा येणार, जिजीची ओळ येणार. आणि जयंतीभाईंनी रोशनीला स्टेजवर ढकललं! खरंच पाठीला हात लावून ढकललं. मधला एक वायरवाला माइक उभा होता, बंद. रोशनी त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. डोळ्यांत पाणी भरलेलं. माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "चालू कर ना रे. गाणं पडेल." जयंतीभाई खालून बोटाने दाखवतायत, ऑन, ऑन! दगडूभाऊ डोळ्यांनी म्हणतायत, खबरदार! की म्हणतायत, कर लवकर? त्यांच्या डोळ्यांतलं मला कधीच कळत नाही!

आणि नाना? ना रोशनीकडे बघतायत, ना माझ्याकडे. मांडवाच्या दाराकडे बघतायत.

तेवढ्यात स्पीकर वाजला. खर्रर्र. जिजी परत रेंजमध्ये आली म्हणून? की जिग्नेशने रिक्षा गाठून नुसता माइक परत आणला म्हणून? की असंच, मशीनचा आवाज? मला तेव्हा काय माहीत! एकदाच वाजला आणि गप्प.

ढोलकीने मुखड्याचा तोडा घेतला. पुढच्या मात्रेला ओळ उचलायची आहे. रोशनीने श्वास घेतला, जिथं जिजीने शिकवला होता तिथंच. आणि त्या माइकचं बटण माझ्या बोटाखाली!

मी काय केलं ते सांगतो, पण आधी तू सांग. खरं सांग. तू असतास तर काय केलं असतंस?